चिखल्या : बोटांच्या बेचक्यांतला इतिहास

बाहेर पाऊस आहे, तरी सभागृह बऱ्यापैकी भरलंय. आत येताना मी दारातला चपलांचा ढीग पाहिला. निम्म्या ओल्या होत्या. व्याख्यान संपल्यावर आपण सगळे त्याच ओल्या चपलांत पाय घालणार आहोत, आणि आजचा विषय तिथूनच सुरू होतो. विषय कळवला तेव्हा आयोजकांपैकी एकानं मला फोनवर विचारलं होतं, "सर, पण व्याख्यानमाला इतिहासाची आहे." (हशा) इतिहासाचीच आहे. राजे, लढाया, तह यांच्याबद्दल तुम्ही या मालेत पुष्कळ ऐकलंय. आज पायाच्या बोटांच्या बेचक्यांचा इतिहास ऐका.

आपल्या जालना जिल्ह्यात, म्हणजे अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा, कुठंही जा, मृग लागून दोन-तीन आठवडे झाले की बायका एकमेकींना पाय दाखवतात. "लई चिखल्या झाल्यात गं औंदा." बोटांच्या मधली कातडी पांढरी पडते, भिजलेल्या कागदासारखी सुटते, खाली लाल दिसतं. खाज सुटते, आग होते, चालताना टाच टेकवून चालावं लागतं. डॉक्टर याला बुरशीचा संसर्ग म्हणतात. बुरशीबरोबर पुष्कळदा जिवाणूही असतात. पण लोकांनी दिलेलं नाव बघा. चिखलानं होतात त्या चिखल्या. कारण थेट नावातच आलंय.

हे नाव आपल्या आजीनं ठेवलं असेल, पण ही समजूत तिच्यापेक्षा फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत निदानस्थानाच्या तेराव्या अध्यायात क्षुद्ररोग सांगितलेत. क्षुद्र म्हणजे लहानसहान. त्यात 'अलस' नावाचा एक रोग आहे. त्याचं वर्णन थोडक्यात असं : घाणेरड्या चिखलाचा स्पर्श झाल्यानं बोटांच्या मधली जागा ओलसर होते, तिथं खाज, आग आणि वेदना होतात. आणखी काही सांगायला हवं? घनसावंगीच्या कुठल्याही बाईनं हेच वर्णन केलं असतं. पुढं चिकित्सास्थानात उपाय येतात. पाय कांजीनं धुवावेत, म्हणजे आंबवलेल्या धान्याच्या आंबट पाण्यानं. मग लेप द्यावा. त्या लेपात कडुलिंब आहे, तीळ आहेत, सैंधव आहे, हिराकस आहे, आणि हरताळही आहे. हरताळ म्हणजे सोमलाचं संयुग, विषारी. ते आज कुणी घरी करू नये, हे मी इथंच सांगून टाकतो, नाहीतर उद्या कुणी वैद्याच्या दुकानात हरताळ मागायचा.

या यादीतली कांजी मला फार महत्त्वाची वाटते. आज इंटरनेटवर पायांसाठी 'व्हिनेगरच्या पाण्यात पाय बुडवा' असा सल्ला जगभर फिरतो आणि तो नव्या शोधासारखा सांगितला जातो. कांजी काय आहे? आंबट पाणीच. आंबट वातावरणात या बुरशीची वाढ मंदावते, इतकंच त्यामागचं तत्त्व. सुश्रुताला बुरशी माहीत नव्हती, सूक्ष्मदर्शक नव्हता. पण कुणीतरी कधीतरी पाहिलं होतं की आंबट पाण्यात काम करणाऱ्यांचे पाय कमी बिघडतात, किंवा असंच काहीतरी. हा माझा अंदाज, पुरावा नव्हे.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. समर्थ रामदास आपल्या जांबचे. दासबोधाच्या तिसऱ्या दशकात त्रिविध तापांचे समास आहेत. त्यात शरीराच्या दुखण्यांची लांबच लांब यादी आहे. भयंकर रोग आहेत, आणि त्यांच्या शेजारी खरूज, नारू, नखुरडं अशी पायाची-कातडीची दुखणीही आहेत. मला ही यादी आवडते, कारण तिच्यात मोठा आजार आणि किरकोळ आजार असा भेदभाव नाही. दुखतं ते दुखतं.

त्यातल्या नारूवर जरा थांबतो. इथं बसलेल्या साठीच्या पुढच्या मंडळींना नारू आठवत असेल. बारवेतलं पाणी प्यायचं, आणि वर्षभरानं पायातून दोरीसारखा जंत बाहेर यायचा. तो काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळत काढायचा, तुटला तर पाय सुजायचा. त्यावर औषध कधीच निघालं नाही, लसही नाही. पाणी गाळून प्या, पायऱ्यांच्या विहिरीत उतरू नका, हातपंप वापरा, एवढ्यावर तो संपला. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात नोंदला गेला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. म्हणजे पायाचं एक हजारो वर्षांचं दुखणं औषधाशिवाय, केवळ पाण्याशी वागण्याची रीत बदलून गेलं. चिखल्या मात्र आहेत तिथंच आहेत. का? कारण नारू पाण्यात होता आणि पाणी बदलता आलं. चिखल्या कामात आहेत.

आपली जमीन काळी. पाऊस वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आत-बाहेर, म्हणजे कोकणाच्या मानानं काहीच नाही. पण ही माती पाणी धरून ठेवते, फुगते, चिकटते. कोकणातला चिखल धुतला की जातो. आपला चिखल बोटांत जाऊन बसतो आणि तिथंच वाळतो. खुरपणीला बसलेली बाई सकाळी नऊला रानात उतरली की संध्याकाळपर्यंत त्याच मातीत असते. घरी आली की मोरीत भांडी, धुणं. तिचे पाय जून ते सप्टेंबर कोरडे होतात कधी? रात्री, गोधडीत. बाप्यांचं म्हणाल तर दारं धरणं. रात्रीची लाइट आली की पिकाला पाणी द्यायला जायचं आणि पहाटेपर्यंत सरीतल्या पाण्यात उभं राहायचं. ठिबक आल्यापासून हे काम कमी झालंय. ठिबकचं अनुदान, पाण्याची बचत याबद्दल सगळे बोलतात. त्यानं किती पाय वाचवले, ते कुणी मोजत नाही.

मग लोक करत काय? आमच्या घरात आजीचं एक शास्त्र होतं. संध्याकाळी पाय धुवायचे, चुलीसमोर पसरून बसायचं, आणि वाळले की बोटांमध्ये चुलीतली चाळलेली राख भरायची. कधी हळद आणि खोबरेल. पावसाळा लागायच्या आधी मेंदी, तीही हाताला कमी आणि तळपायाला, बोटांच्या बेचक्यांत जास्त. मला वाटायचं म्हातारपणी हौस सुटली. (हशा) हौस नव्हती. मेंदीच्या पानात रंग देणारं जे द्रव्य आहे, लॉसोन म्हणतात त्याला, ते प्रयोगशाळेत बुरशीची वाढ रोखतं असं दिसलंय. कडुलिंब, हळद, करंजाचं तेल यांच्याबद्दलही तेच. पण प्रयोगशाळेच्या ताटलीत बुरशी मरणं वेगळं आणि चार महिने चिखलात असलेल्या पायावर मरणं वेगळं. ही दुसरी परीक्षा फार थोड्या घरगुती औषधांची नीट घेतली गेली आहे.

बिब्ब्याचं मात्र वेगळं. मराठवाड्यात पायाच्या भेगांवर, काट्यावर, कुरूपावर बिब्बा तापवून त्याचं तेल लावायची रीत आहे. काहीजण चिखल्यांवरही लावतात. बिब्बा उतला की काय होतं, ते ज्याच्या अंगावर उतलाय त्याला विचारा. फोड येतात, पाणी सुटतं, अंगभर पसरतं. आधीच सोललेल्या कातडीवर बिब्बा म्हणजे आगीतून फुफाट्यात. मोरचूद, रॉकेल, बॅटरीतलं काळं, ठेचलेला लसूण, हेही त्याच माळेतले. झोंबतं म्हणून गुण येतोय असं वाटतं. आपल्याकडे औषधाची एक जुनी कसोटी आहे, जे जास्त झोंबेल ते जास्त चांगलं. ती कसोटी चूक आहे.

या सगळ्यात एक वनस्पती अशी आहे, जिच्यामागे मोठा इतिहास दडलाय. पहिल्या पावसात बांधावर तरोटा उगवतो. पुण्याकडे टाकळा म्हणतात. आपण त्याची कोवळी भाजी खातो. संस्कृतात त्याचं एक नाव दद्रुघ्न, म्हणजे नायट्याचा नाश करणारा. त्याचं बी आंबट ताकात वाटून नायट्यावर लावायचं, हा उपाय वैद्यकातही आहे आणि गावातही. नायटा, गजकर्ण आणि बुरशीच्या चिखल्या ही एकाच कुळातली दुखणी, एकाच प्रकारच्या बुरशांमुळे होणारी. तरोट्यात क्रायसोफॅनॉल नावाचं पिवळं द्रव्य असतं.

आता हे पिवळं द्रव्य धरून जरा गोव्याला आणि मुंबईला जाऊ. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या औषधविक्रेत्यांकडे 'गोवा पावडर' नावाची पिवळसर-तपकिरी भुकटी मिळायची. नायट्यावर रामबाण म्हणून तिचा लौकिक होता आणि किंमतही चांगली होती. ती येते गोव्याहून, पण गोव्यात ती कुठून येते, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसे. मुंबईतले केम्प नावाचे औषधविक्रेते, त्यांनी १८६४ मध्ये इंग्लंडमधल्या व्यावसायिकांचं तिच्याकडे लक्ष वेधलं. पुढं दहा वर्षांनी उलगडा झाला की ही भुकटी गोव्याची नव्हतीच. ती ब्राझीलमधल्या अरारोबा नावाच्या झाडाच्या खोडातून निघायची. पोर्तुगीज जहाजं ब्राझीलहून गोव्याला येत, त्यांतून ती आली आणि आपल्याकडे देशी औषध होऊन बसली. मिरची आणि बटाट्याबरोबर आलेला नायट्याचा उपाय म्हणा. १८७५ मध्ये लंडनला अॅटफील्ड यांनी तिचं पृथक्करण केलं. तिच्यातली द्रव्यं तरोट्यातल्या त्या पिवळ्या द्रव्याच्या घराण्यातलीच. पुढं सोरायसिसवर तिचा वापर सुरू झाला, १९१६ मध्ये जर्मनीत तिचं कृत्रिम भावंडं तयार झालं, आणि ते औषध त्वचारोगाच्या डॉक्टरांनी कित्येक दशकं वापरलं. गोवा पावडर कातडी जाळायची, कपड्यांवर जांभळे-तपकिरी डाग पाडायची, डोळ्याला लागली तर हाल करायची. तरीही खपत होती.

घरगुती औषध आणि दुकानी औषध असे दोन कप्पे आपण करतो ते इतके स्वच्छ नाहीत, एवढ्यासाठी ही गोष्ट सांगितली. परदेशी झाड, गोव्याचं नाव, मुंबईचं दुकान, लंडनची प्रयोगशाळा. यात देशी काय आणि विलायती काय?

त्याच काळात मुंबईत एक डॉक्टर पायांकडे पाहत होता. हेन्री व्हॅनडाइक कार्टर. वैद्यकीय विद्यार्थी 'ग्रेज अॅनाटॉमी' म्हणतात त्या १८५८ च्या ग्रंथातली चित्रं यांनी काढलेली. नाव ग्रे यांचं राहिलं, चित्रकाराला कुणी ओळखत नाही. तर हे कार्टर त्याच वर्षी मुंबईला आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले, पुढं बरीच वर्षं साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. त्यांच्यासमोर असे रुग्ण येत की ज्यांचा पाय सुजून ओळखू येईनासा झालेला, त्याला ठिकठिकाणी तोंडं पडलेली, आणि त्यातून काळे किंवा पांढरे कण बाहेर पडतायत. बहुतेक अनवाणी काम करणारे कुणबी-शेतकरी. मद्रासकडे याला मदुरा फूट म्हणत. कार्टर यांनी १८६० मध्ये लिहिलं की हा बुरशीचा रोग आहे, आणि १८७४ मध्ये त्यावर चित्रांसह आख्खा ग्रंथ काढला. रोगाला त्यांनी दिलेलं मायसेटोमा हे नाव आजही चालतं. त्यातले काही रुग्ण बुरशीचे नसून जिवाणूंचे असतात, हे नंतर कळलं. पण मातीतली बुरशी माणसाच्या पायात घर करू शकते, हे दाखवायचं काम या मराठी मुलखात झालं. वाट कुठली? बाभळीचा काटा. काट्यानं पाय फुटतो, माती आत जाते.

मायसेटोमा म्हणजे चिखल्या नव्हे, घाबरू नका. चिखल्या वरच्या कातडीत राहतात. पण कार्टर यांच्या टेबलावर आलेल्या पायांवर त्या वेळी एकच उपाय होता, पाय कापणं. आणि ते पाय कुणाचे होते? ज्यांच्या पायात काही नव्हतं त्यांचे.

म्हणजे वहाण घातली की प्रश्न सुटला? इथं गंमत आहे. १९१० च्या सुमारास श्रीलंकेत, तेव्हाच्या सिलोनमध्ये, आल्दो कास्टेलानी नावाचे इटालियन डॉक्टर काम करत होते. आज ट्रायकोफायटॉन रुब्रम म्हणतात त्या बुरशीचं वर्णन त्यांनी केलं. जगात पायाच्या बुरशीचं सगळ्यांत मोठं कारण आज हीच. तिचं मूळ घर दक्षिण आणि आग्नेय आशिया, पश्चिम आफ्रिका या भागांत असावं, असं संशोधक मानतात. तिथले लोक अनवाणी असत. त्यांना ही बुरशी व्हायची, पण अंगावर, नायट्याच्या रूपात. पाय उघडे, हवेशीर. मग युरोपातले शिपाई, अंमलदार, व्यापारी आले. त्यांच्या पायात मोजे आणि बूट. बुटाच्या आत बारा महिने पावसाळा. बुरशी तिथं मजेत राहिली आणि त्यांच्याबरोबर बोटीनं युरोप-अमेरिकेला गेली. दोन महायुद्धांनी उरलेलं काम केलं. आज लंडन-न्यूयॉर्कच्या व्यायामशाळांतल्या ओल्या फरशांवरून जी बुरशी पसरते, ती अशी आपल्या बाजूची आहे. साम्राज्यानं नेलेल्या वस्तूंच्या यादीत हिचं नाव कुणी घालत नाही.

जालन्यातही इंग्रजी अमलाखालची छावणी होती, हैदराबाद कंटिंजंटच्या पलटणी इथं असत. गावात बुटातला पाय तो त्यांचा. बाकी पायांचं काय? चामड्याची वहाण महाग, आणि चिखलात ती कुजते, तळाला शेर-शेर माती चिकटते. म्हणून पावसाळ्यात ती आढ्याला टांगलेली असायची. शिवाय वहाण पायात असणं हा अधिकाराचा प्रश्न होता. दलित माणसाला गावातल्या वरच्या आळीतून जाताना ती हातात घ्यावी लागे. आणि ती वहाण शिवणारा चर्मकार बारा महिने ओल्या कातड्यात हात घालून बसलेला. पायांचा इतिहास सांगताना हे गाळता येत नाही. नंतर टायरच्या चपला आल्या, मग रबरी स्लीपर. स्लीपर चिखलात धुता येते आणि पाय उघडा ठेवते, त्या मानानं बरी. आता फवारणीला, उसाच्या फडात, गोठ्यात गमबूट आलेत. साप-काट्यापासून ते वाचवतात, घाला जरूर. पण दिवसभर घामानं भरलेला गमबूट म्हणजे कास्टेलानींच्या काळातल्या साहेबाचा बूट. तो काढल्यावर उलटा टांगला पाहिजे.

कोरडेपणा हुकमानं आणता येतो, याचं एक उदाहरण आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकांत सैनिक दिवसेंदिवस थंड पाण्यात उभे असत. पाय सुजून काळे पडत, कापावे लागत. तो रोग बुरशीचा नव्हता, थंडी आणि ओलीचा होता. हजारो माणसं लढाईविना निकामी झाल्यावर ब्रिटिश सैन्यानं नियम केला. मोजे रोज बदलायचे, पाय पुसून त्यांना व्हेल माशाचं तेल चोळायचं, जोडीदारानं एकमेकांचे पाय तपासायचे. आणि तुकडीत पाय बिघडले तर अधिकाऱ्याला जाब द्यावा लागेल. रोग आटोक्यात आला.

हे वाचलं तेव्हा मला आमच्याकडची खांदेमळणी आठवली. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे धुवून त्यांना हळद-तूप चोळतात. जुवाखाली घासलेली कातडी, तिची वर्षातून एकदा का होईना, विधिपूर्वक काळजी. सैनिकाच्या पायाला सरकार जबाबदार, बैलाच्या खांद्याला मालक जबाबदार. रोजानं खुरपायला आलेल्या बाईच्या बोटांच्या बेचक्यांना जबाबदार कोण? मला तरी या विषयातला मुख्य प्रश्न हाच वाटतो. कांजी असो, राख असो, मेंदी असो की आजचं मलम, पाय रोज काही तास कोरडा राहिला तरच ते काम करतं. ज्यांना ते काही तास मिळाले, त्यांचे उपाय गुणाचे ठरले.

आता औषधांचं. १९३९ मध्ये एका बुरशीपासूनच ग्रिसिओफुल्विन वेगळं केलं गेलं, पण ते पोटात घेऊन नायटा बरा होतो हे कळायला १९५८ उजाडलं. आणि याच सुमारास आपल्या पिंपरीत एक काम झालं, जे मराठी माणसाला फारसं ठाऊक नाही. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९५४ मध्ये स्थापन झालेला सरकारी कारखाना. तिथं थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या आसपास मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून बुरशीनाशक औषध शोधलं. औषधाचं नाव हॅमायसिन, हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या आद्याक्षरांवरून. सूक्ष्मजीवाचं नाव स्ट्रेप्टोमायसीस पिंपरिना. पिंपरीचं नाव असं जीवशास्त्रात गेलं. थोड्याच वर्षांत तिथंच ऑरिओफंजिन सापडलं, ते पिकांवरच्या बुरशीसाठी वापरलं गेलं. माणसाची बुरशी आणि पिकाची बुरशी यांचा विचार एका छपराखाली होत होता. ते मला योग्यच वाटतं, कारण शेतकऱ्याच्या डोक्यातही ते एकत्रच असतं. त्याबद्दल शेवटी बोलतो.

पुढं क्लोट्रिमाझोल आलं, टर्बिनाफिन आलं. स्वस्त, चांगली औषधं. सगळं ठीक चाललं होतं, आणि गेल्या दहा-बारा वर्षांत घोटाळा झाला. त्याला कारण नवं 'घरगुती औषध'. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेलं मलम. त्यात बुरशीनाशक असतं, जिवाणूनाशक असतं, आणि स्टेरॉइड असतं. स्टेरॉइडनं दोन दिवसांत खाज थांबते. माणूस खूश. पण कातडीची लढण्याची ताकद कमी होते आणि बुरशी आतल्या आत पसरते. घरात एक ट्यूब, सगळ्यांचे पाय, सगळ्यांच्या जांघा, एकच टॉवेल. आज भारतात हट्टी नायट्याची साथ आहे, नेहमीचं टर्बिनाफिन पुष्कळांना लागू पडत नाही. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी, तिथं राहणाऱ्या भारतीय आणि नेपाळी रुग्णांवरून, या बुरशीला वेगळं नाव दिलं, ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए. नावात इंडिया आहे, अभिमान वाटावा असं काही नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं ३२८ मिश्र औषधांवर बंदी घातली, त्यात अशी काही मलमंही होती. त्याच वर्षी बरीच स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा आदेशही निघाला. आदेश दिल्लीतून निघतो. आपल्या तालुक्याच्या स्टँडसमोर काय मिळतं ते तुम्ही जाऊन बघा.

हे मी त्रयस्थपणे सांगतोय असं वाटेल, तसं नाही. आमचे आण्णा, म्हणजे वडील, त्यांना साखरेचा आजार होता. दर पावसाळ्यात चिखल्या व्हायच्या. त्या वर्षी त्यांनी असंच एक मलम आणलं आणि दीड महिना लावलं. खाज गेली म्हणून पायाकडे पाहणं बंद झालं. साखरेनं पायाची जाणीव कमी झालेली, दुखलंही नाही. करंगळीशेजारची भेग खोल गेली, तिथून जंतू शिरले, पाय गुडघ्यापर्यंत लाल झाला. दोन बोटं काढावी लागली. मी तेव्हा कॉलेजात इतिहास शिकवत होतो आणि सुश्रुतावर टिपणं काढत होतो. घरातल्या माणसाच्या पायाकडे मात्र मी वाकून पाहिलं नव्हतं.

आता शेतकऱ्याच्या डोक्यातल्या बुरशीबद्दल. जालना म्हणजे मोसंबी. मोसंबीचा डिंक्या इथं कुणाला समजावून सांगायची गरज नाही. खोडाशी पाणी साचलं, माती चढली, की साल कुजते आणि डिंक पाझरतो. बागवाला काय करतो? बुंध्यापासून माती काढतो, खोडाला पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळं करतो, चर काढतो. आणि मग सालीला बोर्डो पेस्ट लावतो, मोरचूद आणि चुना. नुसती पेस्ट लावून पाणी तसंच ठेवणारा बागवाला मी पाहिलेला नाही. आधी पाणी हटवायचं, मग औषध, हा क्रम त्याला पाठ आहे. तोच माणूस घरी येऊन ओल्या पायाला मलम लावतो आणि त्याच ओल्या बुटात पाय घालतो.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.

(प्रश्न : मेंदी लावावी का?) लावा, काही बिघडत नाही. पण पानांची लावा. बाजारातल्या काळ्या मेंदीत केसांच्या रंगाचं रसायन असतं, ते कातडी भाजतं. आणि सोललेल्या कातडीवर कुठलीच लावू नका.

(प्रश्न : आम्ही मिठाच्या गरम पाण्यात पाय ठेवतो, चालेल?) कोमट चालेल, दहा मिनिटं, नंतर पुसून कोरडे करायचे. ज्याला साखर आहे त्यानं हे करू नये. गरम किती आहे ते त्याच्या पायाला कळत नाही, फोड येतो. साखर असलेल्यानं घरगुती काहीच न करता थेट डॉक्टरला पाय दाखवावा. आणि मलम दिलं तर ट्यूबवरचं नाव वाचून विचारावं, यात स्टेरॉइड आहे का.

(प्रश्न : किती दिवस लावायचं?) डॉक्टर सांगतील तितके. साधारण दोन ते चार आठवडे सांगतात. खाज पाच-सहा दिवसांत थांबते आणि ट्यूब कपाटात जाते, बुरशी तिथंच असते.

(प्रश्न, मागच्या रांगेतून, एक ताई : सर, आम्ही रोज खुरपायला जातो. पाय कोरडे ठेवा म्हणता, ते रानात कसं ठेवायचं?) ताई, दिवसभर नाही ठेवता येणार, ते मला माहीत आहे. दोन जुनी सुती फडकी सोबत न्या. दुपारी भाकरी खायला बसता ना, तेव्हा हातांबरोबर पायही धुवा आणि बोटांमध्ये एकेक करून पुसा. अर्धा तास पाय उन्हात पसरा, चप्पल बाजूला. घरी गेल्यावर भांडी आधी घासा, पाय शेवटी धुवा. नाहीतर धुतलेले पाय परत मोरीत जातात. फडकं दुसऱ्या कुणाला देऊ नका, उन्हात वाळवा. ऊन नसेल तर चुलीजवळ. आणि मुकादमाला सांगा, जेवणाची सुट्टी वीस मिनिटांची नको, पुरा तास हवा.

(ताई : ते तुम्हीच येऊन सांगा.) (हशा) येतो. कधी येऊ?